मुलांना विचारायचंच नाही?

इंदूरच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: 'लैंगिक शिक्षणाबद्दल शाळेत मुलांना प्रश्न विचारणं बंद करा. विचारल्यानं नको ते सुचतं. मुलं काहीही रचून सांगतात. त्यांचं भलं आईवडिलांना कळतं.'

नको ते सुचतं? सहावीच्या मुलींना नाव न घालता चिठ्ठ्या लिहायला सांगा. पाळीत पोट का दुखतं, देवघरात का जायचं नाही, बसमध्ये मुद्दाम चिकटणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे सगळं त्यांच्या मनात आधीपासून असतं. युनेस्कोनं 2009 आणि 2018 च्या मार्गदर्शिकांसाठी जगभरचे अभ्यास तपासले. लैंगिक शिक्षणामुळे मुलं लवकर संबंध ठेवू लागतात, असं त्यांत दिसलं नाही.

रचून सांगतात, हा आरोप मला सर्वांत जास्त लागतो. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं 2007 मध्ये 13 राज्यांतल्या 12,447 मुलांना विचारलं; त्यात मध्य प्रदेशही होता. निम्म्याहून अधिक मुलांनी लैंगिक छळाचा काही ना काही अनुभव सांगितला, आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. 'मुलग्याला कोण काय करणार' असं म्हणत आपण निर्धास्त असतो. मुलग्यांना विचारलं नसतं, तर हे कुणाला कळलं असतं? बहुतेकांनी तोवर कुणाजवळही तोंड उघडलं नव्हतं. त्याच 2007 साली आपल्या मध्य प्रदेशात शाळांतला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला गेला, याचं मला आजही वाईट वाटतं.

एक मात्र खरं: तोच प्रश्न पुन्हापुन्हा, उत्तर सुचवत विचारला, तर लहान मूल मोठ्यांना हवं तेच बोलू लागतं. पण तो दोष विचारणाऱ्याचा. म्हणूनच 2012 च्या पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या, कायद्यात जबाब मुलाच्याच शब्दांत, त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, गणवेश न घातलेल्या पोलिसानं घ्यायचा असतो.

आईवडिलांचा हक्क कुणी काढून घेतलेला नाही. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुलांना प्रश्न विचारणाऱ्या संशोधनाला साधारणपणे पालकांची संमती लागते; सात वर्षांपुढच्या मुलाचा होकारही लागतो. तेव्हा शाळेतून असा संमतीचा फॉर्म आला, तर सही करण्याआधी तो मुलासमोर वाचा. ते 'नको' म्हणालं, तर तसंच शाळेला कळवा.