लर्निंगवाल्यांनो, घाई कसली?

आमच्या गल्लीत कव्हर घालून उभी असलेली एक चारचाकी परवा पुन्हा जंपर केबल लावून जिवंत करावी लागली. केबल आमची, बॅटरी आमची, गाडी बाजूला लावणारे हातही आमचेच. मालक शांत. "शिकायचंय हो, पण घाई कशाला? लर्निंग आहे ना!" मोबाईलवर उघडून बघितलं, तर लर्निंग लायसन्सही संपलेलं. असे धीराचे लोक इंदुरात घरटी एक सापडतील. त्यांना थोडं मार्गदर्शन व्हावं, म्हणून हा प्रपंच.

लर्निंग मात्र ताबडतोब काढा. एवढ्या एका कामात चपळाई चालते. आधार जोडा, घरबसल्या परीक्षा द्या आणि फॅमिली ग्रुपवर अंगठे गोळा करा. तीस दिवस झाले की पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते, हे कोणी सांगू लागलं तर विषय बदला. लर्निंग सहा महिने चालतं. एवढी सवलत सरकारनं दिलीय ती वाया का घालवायची?

काढायची वेळ नीट निवडा. जूनची अखेर उत्तम. पाठोपाठ पाऊस येतो आणि पावसात कोण शिकतं? मग गणपती, अनंत चतुर्दशीच्या झाक्या, रस्ते बंद. पितृपक्षात नवीन काम नको. नवरात्रात सवड नाही, दिवाळीत साफसफाई, तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू. डिसेंबर संपता संपता लर्निंग गेलं. आता नवा अर्ज, नवी फी, नवी परीक्षा आणि नवे तीस दिवस. संक्रांतीनंतर काढलंत तरी रंगपंचमीची गेर म्हणजे रंगांची मिरवणूक, मुलांच्या परीक्षा आणि मे महिन्याचं ऊन आहेच. भिया, वर्षात एक दिवस रिकामा सापडत नाही.

एलची पाटी लावू नका. पांढऱ्यावर लाल अक्षर, १८ सेंटिमीटर चौरस, पुढे आणि मागे, असं नियमात आहे खरं, पण कॉलनीत लोक हसतील.

वयाचीही काळजी नको. तिशीच्या आत लायसन्स काढलं तर ते थेट चाळिशीपर्यंत चालतं; तिशी ते पन्नाशीत काढलं तर १० वर्षं; पंचावन्न उलटल्यावर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. शिवाय चाळिशीनंतर डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडायचा मान मिळतो. घाई करणाऱ्यांच्या नशिबी हे कुठलं?

आता क्लास. पंधरा दिवसांचा, रोज अर्ध्या तासाचा घ्या, आणि एक दिवसाआड जा. शेजारी बसलेल्या भय्याच्या पायाखाली वेगळा क्लच आणि ब्रेक असतो, हे लक्षातच आणू नका. रीगल चौकात सिग्नल सुटल्यावर गाडी बंद पडली नाही, ती तुमच्यामुळे नव्हे, त्याच्या पायामुळे. क्लास संपला की महिनाभर विश्रांती घ्या. क्लच ही डोक्यानं शिकायची गोष्ट नाही, पायानं शिकायची आहे. पूर्ण दाबायचा, पहिला गिअर टाकायचा, टाच जमिनीला टेकवून हळूहळू सोडत यायचं. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट जरासं उचलतं, गाडी थरथरते. तिथे पाय थांबला पाहिजे, दोन सेकंद. लोक नेमकं तिथेच घाबरतात आणि पाय झटकन उचलतात. गाडी हिसका देऊन बंद पडते, मागचा हॉर्न मारतो, आणि माणूस ठरवतो की आता पुढच्या महिन्यात बघू. ती जागा पायाला रोज सापडली तर आठवडाभरात बसते. आठ दिवसांची गॅप पडली की पाय विसरतो आणि तुम्ही पुन्हा पहिल्या दिवशी. याला सावकाश शिकणं म्हणत नाहीत, दर वेळी नव्यानं सुरुवात करणं म्हणतात. मग एक दिवस शास्त्री ब्रिजच्या चढावर जाममध्ये अडकता, हँडब्रेकची आठवण राहत नाही, गाडी मागे सरकते, तुम्ही अर्धा क्लच धरून रेस देत राहता, प्लेट जळाल्याचा वास येतो, आणि मेकॅनिककडे गेल्यावर म्हणता, "कंपनीनंच खराब माल दिला." माल ठीक होता! चढावर हँडब्रेक ओढायचा, आवाज जड होईपर्यंत क्लच सोडायचा, थोडी रेस द्यायची, मगच हँडब्रेक खाली. एवढंच आहे. दोन सकाळींचं काम, आणि तुम्ही दोन वर्षं लावलीत.

व्हिडिओ भरपूर बघा. सोफ्याला क्लच नसतो, त्यामुळे कधीच बंद पडत नाही.

गाडी उभी ठेवा, सारखी चालवून जुनी का करायची? आठवडे न चालवता बॅटरी उतरते, टायरची हवा कमी होते, उंदीर वायरी कुरतडतात. त्यासाठी शेजारी आहेत. लाल क्लिप आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्याच्या मायनसला, आणि शेवटची मेलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, कारण बॅटरीपाशी ठिणगी नको. आम्हाला हे पाठ आहे. तुम्ही चहा घ्या.

बास. घाई नाही, घाई नाही म्हणत बसलाय, ती भीती आहे, तसं सरळ म्हणा. भीती वाटण्यात लाज काही नाही. पण ती सुट्ट्यांनी कमी होत नाही, वाढते. नवं लर्निंग काढा आणि दुसऱ्याच दिवसापासून सकाळी सहाला, पक्कं लायसन्स असलेल्या माणसाला शेजारी बसवून, सुपर कॉरिडॉरच्या आतल्या रिकाम्या रस्त्यावर जा. पुढे-मागे एलच्या पाट्या लावा. सीट इतकी पुढे घ्या की क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहील. पहिले तीन दिवस रेसला पायच लावू नका. पेट्रोलची बहुतेक गाडी सपाटीवर पहिल्यात नुसता क्लच सोडून सरकते. तेवढंच करा, अर्धा तास, रोज. चौथ्या दिवशी रेस, दुसऱ्या आठवड्यात रिव्हर्स आणि चढ. तीस दिवस पुरे होतील त्याच आठवड्याचा स्लॉट घ्या. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते; ते सात दिवस रोज चालवा, रुसून बसू नका. आणि टेस्टला गाडीची कागदपत्रं लागतात. आरसी, विमा बघून ठेवा, पीयूसी, म्हणजे प्रदूषणाचं प्रमाणपत्र, तर नक्की बघा. उभ्या गाडीचंही ते संपतं.