‘पुढची हॉकनच बांधा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

ठासणीच्या रायफली हौसेने बांधणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. मूळ इंग्रजीतला, पण आता अमेरिकेतल्या आपल्या मराठी हौशी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅपवरही येऊन पोचलाय. म्हणणं असं की पहिली रायफल किटमधून, म्हणजे सुट्या भागांच्या तयार संचातून, जमली, की दुसरी हॉकनच (सेंट लुईसच्या हॉकन बंधूंच्या धाटणीची रायफल) बांधावी. त्याला कारणं पाच. रॉकी पर्वतातले सगळे बीव्हर-शिकारी (बीव्हर या पाणप्राण्याला फरसाठी मारणारे) हॉकनच वापरायचे. ती हाफ-स्टॉक, म्हणजे लाकूड नळीच्या अर्ध्यापर्यंतच, म्हणून बांधायला सोपी. टोपीची, म्हणजे स्फोटक टोपीवर घोडा (हातोडा) आपटून उडणारी, म्हणून चकमकीच्या दगडाने ठिणगी पाडायची कटकट नाही. .54 कॅलिबर (नळीच्या भोकाचा इंचातला व्यास) घेतलं की पुन्हा दुसरं घ्यावं लागत नाही. आणि मेहनत तेवढीच लागते, तर लाकूड सगळ्यात जास्त पट्ट्यांचं, म्हणजे आडव्या नक्षीचं, घ्यावं.

हॉकनशी माझं काही वाकडं नाही. दुसरी रायफल म्हणून ती गळ्यात मारली जाते, त्याला माझा विरोध आहे.

पुढे जाण्याआधी भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट करतो. 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय बंदूक बनवणं हा गुन्हा आहे, मग ती ठासणीची का असेना. अमेरिकेत 1968 चा संघीय कायदा अशा जुन्या धाटणीच्या बंदुकांना वगळतो, पण न्यू जर्सीसारखी राज्यं वगळत नाहीत. तेव्हा लाकूड मागवण्याआधी आपल्या राज्याचा कायदा वाचा.

आता पहिला मुद्दा, इतिहासाचा. जेकब आणि सॅम्युअल हे हॉकन बंधू सेंट लुईसचे. दोघांची भागीदारी 1825 च्या सुमाराची. बीव्हर-शिकाऱ्यांचे प्रसिद्ध वार्षिक मेळावे 1825 ते 1840 या काळात भरले. तारखा जुळतात, म्हणून दंतकथा खपते. पण दोन भावांचं छोटं दुकान डोंगरात गेलेल्या शेकडो माणसांना रायफली पुरवणार कुठून? अमेरिकन फर कंपनीसारखे व्यापारी पेनसिल्व्हेनियातल्या बोल्टनच्या हेन्री कारखान्यातून घाऊक माल उचलत, आणि त्यात पेनसिल्व्हेनियातल्याच लँकेस्टरच्या धाटणीच्या फुल-स्टॉक (नळीच्या तोंडापर्यंत लाकूड असलेल्या) रायफली भरपूर असत. त्यातल्या कितीतरी चकमकीच्याच होत्या. जेकब 1849 च्या कॉलऱ्यात गेला. आज संग्रहालयांत दिसणाऱ्या बहुतेक हॉकन त्यानंतरच्या, एकट्या सॅम्युअलच्या काळातल्या आहेत. म्हणजे मेळावे संपून दहा-वीस वर्षं झाल्यावरच्या. जिम ब्रिजरची हॉकन मोंटानात हेलेनाच्या संग्रहालयात आहे, किट कार्सनचीही जपून ठेवलेली आहे, हे कबूल. पण ही दोन नावाजलेली माणसं, अख्खा डोंगर नव्हे. आणि 1970 पासून कारखान्यात बनून ‘हॉकन’ या नावाने घरोघरी पोचलेली पितळी साजाची रायफल सेंट लुईसच्या मूळ लोखंडी साजाच्या रायफलीसारखी फारशी दिसतही नाही. 1830 चा बीव्हर-शिकारी उभा करायचा असेल, तर साधी लँकेस्टर धाटणीची चकमकीची रायफल जास्त खरी वाटेल.

दुसरा मुद्दा सोपेपणाचा. खरं नुकसान याच मुद्द्याने होतं.

हाफ-स्टॉकमध्ये लाकूड कमी लागतं, एवढं खरं. गज, म्हणजे गोळी ठासायची काठी, ठेवायचं भोकही कमी लांबीचं पाडावं लागतं. पण ते भोक अवघड होतं ते लॉकच्या (घोडा आणि त्याची यंत्रणा बसवलेल्या पट्टीच्या) जवळ, आणि तो भाग दोन्ही प्रकारांत सारखाच असतो. नळीचा तळ आणि गजाचं भोक यांच्यामध्ये जेमतेम 1/8 इंच लाकूड उरतं आणि लॉकचा पुढचा बोल्ट त्यातूनच आरपार न्यायचा असतो. ड्रिल केसभर खाली-वर भरकटलं, की बोल्ट नळीला तरी घासतो नाहीतर गजाच्या वाटेत तरी येतो. हाफ-स्टॉकने यातलं काहीही टळत नाही.

उलट हॉकनमध्ये कामं वाढतात. नळीच्या उघड्या अर्ध्या भागाखाली लोखंडी पट्टी सरळ बसवायची, तिला गजाच्या नळ्या जोडायच्या. ब्रीच (नळीचं मागचं बंद टोक) आकड्याची, म्हणजे नळी पुढून उचलून काढता यावी म्हणून मागे स्वतंत्र टँग (लाकडात उतरणारी लोखंडी शेपटी). तो टँग लांबलचक, मनगटाच्या (कुंद्याच्या हातात धरायच्या निमुळत्या भागाच्या) वळणावर वाकवून लाकडात चपखल उतरवायचा. खालून ट्रिगरची पट्टीही तितकीच लांब, तीत दोन चाप. आणि टँगचे दोन स्क्रू वरून मनगटातून उतरून थेट त्या पट्टीत आटे धरतात. म्हणजे वरचं लोखंड आणि खालचं लोखंड यांचं नातं आधी ठरतं, आणि मधलं लाकूड त्या दोघांच्या मर्जीने कोरावं लागतं. एक कोन चुकला तर दोन्ही खाचा वाया. याच्या तुलनेत ईस्ट टेनेसीची साधी डोंगरी रायफल बघा: सरळ अष्टकोनी नळी, एक चाप, साधा लोखंडी साज, पॅचबॉक्सऐवजी, म्हणजे झाकणाच्या कप्प्याऐवजी, कुंद्यात चरबीसाठी कोरलेली वाटी. काही अस्सल रायफलींना तर कुंद्याच्या मागची पट्टीसुद्धा नाही. ज्याची एकच रायफल बांधून झाली आहे, त्याचे हात इथे तयार होतात.

टोपीचं प्रकरण याला लागूनच आहे. चालवायला टोपी सोपी, यात वाद नाही, पावसात तर नाहीच. सल्ला लिहिणाऱ्याने मात्र चालवणं आणि बांधणं यांची गल्लत केलीय. हॉकनच्या ब्रीचला एका अंगाला गोल फुगवटा असतो, त्यावर निपल, म्हणजे टोपी बसवायची बोंडी. लॉकच्या पट्टीची वरची कड त्या गोलाला मिळती कापावी लागते. फुगवट्याला काजळी लावायची, पट्टी दाबायची, काळा ठिपका उमटला तिथे कानशीचे दोन हात मारायचे, पुन्हा काजळी, पुन्हा दाबायचं. फट राहिली तर प्रत्येक बाराबरोबर जळकी राख लाकडात शिरते. घट्ट झालं तर नळी आकड्यातून सुटत नाही. हे जमलं तरी घोड्याचं तोंड निपलवर नेमकं मधोमध पडायला हवं. निपलची जागा आधीच ठरलेली असते, म्हणून तडजोड घोडा तापवून वाकवण्यातच करावी लागते.

चकमकीच्या रायफलीत कान, म्हणजे आग आत नेणारं नळीचं भोक, सगळ्यात शेवटी पाडतात. नळी बसली, लॉक बसलं, मग रंजकाची (पेटवणीच्या दारूची) वाटी नेमकी कुठे आली ते बघून तिच्या मध्यावर, वरच्या कडेच्या पातळीला भोक पाडायचं. लॉक किंचित पुढे-मागे बसलं असलं तरी निभावतं. अट एकच: नळी बसवताना ब्रीचच्या बुचाचं तोंड कुठे येतं ते मापून ठेवायचं, म्हणजे कान बुचावर येणार नाही. आणि लॉक चांगलं घ्यायचं. पैसे वाचवायचे तर लाकडात वाचवा, लॉकमध्ये नको. सुमार लॉकवर दगड नुसता घासतो, ठिणग्या पडत नाहीत, आणि लोक दोष चकमकीला देतात.

शिवाय पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्यांनी एवढं तरी बघावं, की नाताळनंतरचा तिथला हरणांचा खास हंगाम फक्त चकमकीच्या बंदुकांसाठी आहे आणि कॅलिबर किमान .44 लागतं. टोपीची हॉकन त्या दिवसांत भिंतीवरच राहते.

चौथा मुद्दा .54 चा. एल्कसारख्या मोठ्या जनावरामागे जाणाऱ्याला .54 शोभतं. पण आपल्यातले बहुतेक जण शनिवारी कागदावर आणि लोखंडी पाट्यांवर बार उडवणारे. हिशेब सोपा आहे. .54 ची गोल गोळी साधारण 224 ग्रेनची (ग्रेन म्हणजे पौंडाचा सात-हजारावा भाग), म्हणजे एका पौंड शिशात 31 गोळ्या. .40 ची 90 ग्रेनच्या आसपास, म्हणजे पौंडाला 77. बंदुकीच्या दारूचंही तसंच. निशाणेबाजीला .40 मध्ये 35 ग्रेन पुरते तिथे .54 सत्तर-ऐंशी खाते. वर हॉकनच्या कुंद्याची पट्टी चंद्रकोरीसारखी खोल. ती दंडावर टेकवायची सवय नसेल तर दुपारपर्यंत खांदा बोलायला लागतो.

इथे एक गंमत बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बाहेरून एकाच मापाची नळी घेतली तर लहान कॅलिबरची रायफल जड होते, कारण आतलं लोखंड कमी कोरलेलं असतं. 7/8 इंची, 42 इंच लांबीच्या सरळ नळीत .40 ही .50 पेक्षा जवळपास 380 ग्रॅमने जास्त भरते, आणि हे वजन सगळं पुढे, डाव्या हातावर येतं. म्हणून .40 घेणाऱ्याने नळी 13/16 ची किंवा मधे निमुळती होत जाणारी घ्यावी. एकच रायफल निशाणालाही हवी आणि हरणालाही, तर .45 किंवा .50 वर थांबावं. माझा कल .45 कडे आहे, शिसं मी स्वतः ओततो म्हणून असेल कदाचित.

लाकडाबद्दल फार बोलायला नको. दाट पट्ट्यांचं मेपल दिसतं देखणं, पण प्रत्येक पट्टीपाशी रेषा दिशा बदलते आणि पटाशी थोडी जरी बोथट असली तरी ढलपा उडतो. बघायचं ते मनगटाच्या जागी रेषा लांबीच्या दिशेने सलग धावते का हे. तिथे ती आडवी तुटत असेल, तर पट्टे कितीही सुंदर असोत, पडल्यावर रायफल तिथेच मोडेल. मध्यम पट्ट्यांचा, मनगटाशी सरळ रेषेचा तुकडा दुसऱ्या रायफलीला पुरेसा आहे. साधं अक्रोडही चालतं.

एवढं वाचूनही ज्यांना हॉकनच हवी आहे, त्यांनी खुशाल बांधावी, पण नळी, ब्रीच, टँग आणि लॉक एकाच ठिकाणाहून, एकमेकांना जुळवलेलं मागवावं. सगळा माल हातात येऊन लॉक फुगवट्याला लावून बघेपर्यंत लाकडाला पटाशी लावू नये. विक्रेत्याच्या नकाशातल्या आणि आलेल्या भागांच्या मापांत फरक निघाला, तर भाग परत पाठवता येतो. कोरलेलं लाकूड कोणी परत घेत नाही.