गरम वाफा गपचूप सोसू नका
एका लेखात मेनोपॉजमधल्या, म्हणजे पाळी कायमची थांबण्याच्या काळातल्या, गरम वाफांवर (अंगात अचानक उसळणाऱ्या उष्णतेवर) गार पाणी आणि सुती कपडे एवढंच सांगितलंय, ते बरोबरच आहे पण अर्धवट. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी झालं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र जराशा उष्णतेनेही घाम सोडायला लावतं, म्हणून माझ्या वहिनीला एसी लोकलमध्येसुद्धा मानेपासून कपाळापर्यंत लाली चढते, ब्लाऊज भिजतो आणि थोड्या वेळात थंडी वाजायला लागते. घरचे म्हणतात वय झालं, सहन कर. का म्हणून? हार्मोन थेरपी आहे, ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेला असेल तर ती सहसा देत नाहीत पण बिनहार्मोनच्या गोळ्याही मिळतात, गायनॅकला स्पष्ट विचारा. आणि पाळी थांबून वर्ष झाल्यावर परत रक्त दिसलं तर लगेच दाखवा, अंगावर काढू नका बायांनो.