आधी सिम बंद करू नका

माणूस गेला की दिवसकार्य उरकेपर्यंत घर भरलेलं असतं. मग एखादा व्यवहारी भाचा म्हणतो, "काकांचा नंबर बंद करून टाकू, उगाच रिचार्जचे पैसे कशाला?" भाच्याला चहा द्या, पण त्याचं ऐकू नका. बँक, पीएफ, डीमॅट, ईमेल, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. प्रीपेड सिम ९० दिवस वापराविना पडून राहिलं आणि त्यात बॅलन्सही नसला, तर कंपनी ते बंद करू शकते. पुढे तोच नंबर भलत्याच माणसाला मिळतो. त्यापेक्षा रिचार्ज चालू ठेवा आणि मृत्यूचा दाखला दाखवून नंबर वारसाच्या नावावर करून घ्या.

आमच्या वर्तकनगरच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंकडे हे सगळं जवळून पाहिलं. महावितरणचं बिल, पालिकेचा मालमत्ता कर, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळं काका मोबाइलवरून भरायचे. फोनमध्ये काकूंच्या बोटाचाही ठसा होता, त्यामुळे त्या निर्धास्त. पण त्या गडबडीत फोन कपाटात राहिला आणि बॅटरी संपून बंद पडला. चार्ज करून सुरू केला तर ठसा घेईना, पिनच मागायला लागला. काकूंनी लग्नाची तारीख टाकून पाहिली, मुलाची जन्मतारीख टाकली. फोन म्हणतो, ३० सेकंद थांबा. वर स्क्रीनवर विम्याच्या हप्त्याची आठवण येऊन बसलेली, आणि ती उघडता येत नाही. शेवटी पिन निघाला काकांच्या एमएच ०४ वाल्या जुन्या स्कूटरचा नंबर. तोही काकूंनाच आठवला, घरातल्या इंजिनिअर मंडळींना नाही.

बरं, फोन उघडला म्हणून काकांच्या यूपीआयवरून पैसे वळते करत बसायचं नसतं. बँकेला कळवायचं आणि नॉमिनीने रीतसर दावा करायचा. १ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार नॉमिनी देता येतात, तेव्हा "कुणाचं नाव घालू" हा वादही उरलेला नाही. मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो वारसांच्या वतीने रक्कम ताब्यात घेणारा, बस्स. आणि व्हॉट्सॲपवर "सगळं हिला द्या" असं लिहून ठेवलं तर ते मृत्युपत्र होत नाही. २००० सालच्या आयटी कायद्याने मृत्युपत्र स्वतःच्या कक्षेबाहेरच ठेवलंय. त्याला कागद, सही आणि दोन साक्षीदार लागतात.

पासवर्डची डायरी करून कपाटात ठेवायची, हा आपल्याकडचा आवडता उपाय. मला तो अजिबात पटत नाही. पासवर्ड बदलत राहतात, डायरी आहे तिथेच राहते, आणि जिवंतपणी ती कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. फोनचा पिन तेवढा घरातल्या एका माणसाला माहीत असू द्या.

बाकीची सोय कंपन्यांनी कधीच केलेली आहे, आपण तिकडे बघत नाही इतकंच. गूगलचा इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर २०१३ पासून आहे. खातं किती महिने शांत राहिलं की कुणाला कळवायचं आणि काय काय द्यायचं, हे आपणच ठरवायचं. दहा जणांपर्यंत नावं देता येतात, हवं तर शेवटी खातं पुसूनही टाकता येतं. काहीच ठरवलं नाही, तर दोन वर्षं वापर नसलेलं खातं गूगल स्वतःहून काढून टाकू शकतं, फोटोंसकट. आयफोनवर लेगसी कॉन्टॅक्ट, म्हणजे आपल्या पश्चात आपलं खातं उघडू शकेल असा माणूस, नेमता येतो. त्याला ॲक्सेस की (नेमताना तयार होणारा कोड) आणि मृत्यूचा दाखला, दोन्ही लागतात. साठवलेले पासवर्ड मात्र त्यालाही मिळत नाहीत. फेसबुकवर नेमलेला माणूस आपल्या प्रोफाइलवर श्रद्धांजलीची पोस्ट पिन करू शकतो, पण आपले मेसेज वाचू शकत नाही.

हे शेवटचं मला फार आवडलं. गेलेल्या माणसाचं सगळंच घरच्यांचं होत नाही. फोटो द्यावेत, विम्याचे कागद द्यावेत, मैत्रिणीशी सासूबद्दल काय बोललो ते कशाला?

माझं मी करून टाकलंय. गूगलवर मुलीचं नाव दिलंय, फोटो आणि ड्राइव्हपुरतं. तिला सांगितलं तर म्हणते, "आणि जीमेल का नाही गं? असं काय आहे त्यात?"

म्हटलं, आत्ता विचारलंस ना, म्हणूनच.