फेसावरून पावडर जोखू नका

कपडे धुण्याचा एक सल्ला घरोघरच्या ग्रुपवर फिरतो. मळ फेसानेच निघतो. फेस येत नसेल तर पावडर भेसळीची. डाग चिवट असेल तर पावडर दुप्पट टाका. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि तिसरीचा त्रास कपड्यांना होतो.

“मळ फेसाने निघतो.” फेस म्हणजे हवेचे बुडबुडे आणि त्यांच्याभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा. मळाशी झटापट चालते ती खाली, पाण्याच्या आत. साबण-पावडरीतला मळ काढणारा घटक म्हणजे सर्फॅक्टंट. त्याच्या रेणूचं डोकं जलस्नेही असतं, शेपटीला पाणी नकोसं. हे रेणू आधी पाण्याच्या पृष्ठभागावर आणि कॉलरवरच्या तेलकट थरावर जाऊन बसतात, शेपटी तेलात आणि डोकं पाण्यात. तिथली जागा भरली की उरलेले पाण्यातच गोळा होतात, शेपट्या आत लपवून. हा मायसेल. सोडियम लॉरिल सल्फेट या सर्फॅक्टंटच्या एका मायसेलमध्ये साधारण ६० रेणू असतात आणि त्याचा व्यास जेमतेम ४ नॅनोमीटर. कॉलरवरचं तेल गोळा होऊन धाग्यावरून सुटतं, मोठे थेंब पाण्यात तरंगत राहतात, बारीक अंश मायसेलच्या पोटात जातो. फ्रंट लोड मशीनच्या पावडरीत तर फेस मुद्दाम दाबलेला असतो, कारण तिथे कपडे वरून आपटून धुतले जातात आणि फेसाची गादी झाली की आपटणंच बंद होतं.

“फेस नाही म्हणजे भेसळ.” आधी पाणी तपासा. दोन पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत अर्धी बाटली बोअरचं पाणी, दुसरीत तेवढंच आरओचं. दोन्हींत धुण्याच्या साबणाचा चिमूटभर कीस टाका, झाकण लावून दहा-बारा वेळा जोरात हलवा. आरओच्या पाण्याला फेस आला आणि बोअरचं पाणी दुधाळ होऊन वर पांढरे कण तरंगले, तर दोष साबणाचा नाही. दुष्फेन, म्हणजे जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला पकडून त्याचा न विरघळणारा चोथा करतं, मायसेलसाठी रेणू उरतच नाहीत. बादलीच्या काठाची राखाडी चिकट रेघ आणि वाळल्यावर कडक होणारा टॉवेल ही त्याचीच खूण. अशा वेळी धुण्याचा सोडा आधी पाण्यात विरघळवा, साबण नंतर. रेशीम आणि लोकर मात्र सोड्यापासून लांब ठेवा.

“डाग चिवट, तर पावडर दुप्पट.” शुद्ध पाण्यात २५ अंश सेल्सिअसला सोडियम लॉरिल सल्फेटचे मायसेल लिटरमागे सुमारे २.३ ग्रॅमला बनू लागतात. तिथपर्यंत पाण्याचा पृष्ठताण झपाट्याने उतरतो, नंतर जवळपास तिथेच थांबतो. पावडरीतले क्षार रेणूंच्या डोक्यांमधलं विद्युत प्रतिकर्षण झाकतात, त्यामुळे प्रत्यक्षात ही मर्यादा आणखी खाली येते. तिच्यापुढे टाकलेली पावडर फक्त मायसेलची संख्या वाढवते. गॅरेजच्या कपड्यांना त्याचा उपयोग आहे, कारण तिथे सामावून घ्यायला तेलच भरपूर असतं. ऑफिसच्या शर्टाला नाही. तिथे जादा पावडर धाग्यांत अडकते आणि दोनऐवजी चार पाणी खळबळावं लागतं.

खळबळण्यातही एक चूक सर्रास होते. मळक्या पाण्याच्या बादलीतच वरून नळ सोडतात. पाणी वाढून सर्फॅक्टंट मर्यादेखाली गेलं की मायसेल विखुरतात आणि पोटातलं तेल मोकळं होऊन परत कापडावर बसू शकतं. कपडा आधी घट्ट पिळा, मळकं पाणी ओतून द्या, मगच स्वच्छ पाण्यात बुडवा.