काहून जाऊ मी बाजूनं?

सात वाजले की नागपूरच्या मानेवाड्यातल्या आमच्या मैदानाला गाड्या लागतात, सीटवर प्लास्टिकचे ग्लास मांडले जातात आणि सुरू! मैदान पोट्ट्यांना खेळायला की यांना ढोसायला? काल बाटलीची काच लेकीच्या चपलेतून आरपार टाचेत घुसली. ती रडतेय, चप्पल रक्तानं चिकट, आणि पलीकडून आवाज येतो, "काकू, बाजूनं जा ना!" काहून जाऊ मी बाजूनं? पोलिसांची गाडी आली की हे पांगतात, अर्ध्या तासात पुन्हा तिथंच. 1949 चा दारूबंदी कायदा आहे ना? कलम 85 प्रमाणे पिऊन रस्त्यावर धिंगाणा घालणं गुन्हा आहे ना? मग रोज सकाळी काचा आम्हीच का वेचायच्या?