झऱ्याच्या तोंडाला सिमेंट का नको

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: घरोघरी नळ आणि मशीन आलं असताना झऱ्याखालच्या धुण्याच्या धोंडी जपणं ही नुसती हौस आहे, धुण्यामुळे, त्यातही साबणाच्या पावडरीमुळे, झरा घाण होतो, त्यापेक्षा तोंड सिमेंटने बांधून पंप बसवावा. पाणी गावाच्या उपयोगी पडावं हे मलाही मान्य आहे, पण या वाटेने झराच जाईल.

कोकण-गोव्यातले असे कितीतरी झरे सड्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठाराच्या, पोटातून येतात. पाऊस जांभ्यातून मुरतो, खालच्या शेडीवर, म्हणजे पाणी न मुरू देणाऱ्या चिकट मातीच्या थरावर, अडतो आणि शेडी उतारावर उघडी पडते तिथे बाहेर येतो. म्हणून तोंड वीतभर जरी वर उचललं तरी मागे दाब वाढतो. मे महिन्यात केलेलं बांधकाम छान दिसतं. श्रावणात भिंत फुगते आणि धार शेजारच्या बांधातून फुटते. पहारीने तोंड मोठं करायला जावं तर शेडीच फुटते आणि पाणी खाली उतरतं. दुरुस्ती करायचीच तर वैशाखात हाताने गाळ काढा, मागे खडी भरा, पुढे चिरा कोरडा रचा आणि पन्हळ मूळ पातळीलाच ठेवा.

आता पंप. 10 लिटरची बादली 20 सेकंदांत भरत असेल तर धार मिनिटाला 30 लिटर झाली. एक अश्वशक्तीचा पंप याच्या दुप्पट सहज ओढतो, मग हवा आणि गाळ खेचतो. तीच धार रात्री आठ तास खालच्या टाकीत सोडली तर विजेशिवाय 14,400 लिटर साठतात.

घाणीचं उत्तर जुन्या मांडणीतच आहे. पन्हळीखाली कळशी, पुढे गुरांची डोण, धोंडी सगळ्यात शेवटी. धोंड पाटापासून उलट बाजूला कललेली असते, त्यामुळे साबणाचं पाणी पाटात न येता वेगळ्या चरात उतरतं. तिच्या जागी सपाट कोबा घातला की ते पाटात परततं. पावडरीबद्दल मात्र तुमचा मुद्दा खरा आहे. राखेचं, रिठ्याचं पाणी थेट माडाला सोडत. पावडरीतल्या सोडियमने माती घट्ट बसते, पाणी मुरेनासं होतं. तेव्हा चर लांबवा, एकाच आळ्यात सोडू नका. आणि मशीनमध्ये न मावणाऱ्या गोधड्या आजही धोंडीवरच निघतात.

ग्रामसभेत विषय काढणार असाल तर आधी वरच्या सड्यावरच्या चिरेखाणीचा आणि बोअरवेलचा काढा. झऱ्याचं पाणी तिथेच मुरतं.